थायरॉईडची गोळी डॉक्टर देतात, पण ती रोज घेऊन जगायचं कसं हे कोण सांगणार?

“मला थायरॉईड आहे.”

जळगावच्या दवाखान्यात, धुळ्याच्या लग्नाच्या पंगतीत, अमळनेरच्या एसटीत, कुठंही हे वाक्य कानावर पडतं. खरं तर थायरॉईड प्रत्येकालाच असतो. गळ्यात, कंठमण्याच्या थोडं खाली, फुलपाखराच्या आकाराची ही एक छोटी ग्रंथी आहे. वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. बोलताना ज्याला आपण ‘थायरॉईड’ म्हणतो, तो या ग्रंथीच्या कामात झालेला बिघाड असतो.

या बिघाडावरचा उपचार वरवर बघितला तर सोपा आहे. बहुतेकांना रोज सकाळी एक छोटी गोळी घ्यायची असते. गोळी स्वस्त आहे, जुनी आहे आणि परिणामकारक आहे. तरीही अनेक जण ती मध्येच सोडतात, चुकीच्या वेळी घेतात, घरच्यांपासून लपवतात किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करतात.

याचं एक मोठं कारण म्हणजे डॉक्टरांकडे मिळणारी पाच मिनिटं डोस ठरवण्यातच संपतात. चहा कधी प्यायचा, उपास असेल तर काय करायचं, सासूला काय सांगायचं, केस गळायचे कधी थांबतील, हे प्रश्न मनातच राहतात. त्यांची उत्तरं बऱ्याचदा त्याच आजारातून गेलेल्या दुसऱ्या माणसाकडे असतात.

आता हा आजार नेमका काय आहे, खान्देशात त्याच्यासोबत जगताना कुठं अडतं आणि अशी सोबत कशी शोधायची, ते एकेक करून पाहू.

ही ग्रंथी करते काय?

थायरॉईड ग्रंथी दोन मुख्य हार्मोन्स तयार करते, टी-४ आणि टी-३. शरीरानं ऊर्जा किती वेगानं वापरायची, हृदयाचे ठोके किती पडायचे, आतडी किती चालायची, शरीर किती गरम राहायचं, या सगळ्यावर या हार्मोन्सचा ताबा असतो. ग्रंथीनं किती काम करायचं हे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ठरवते. त्यासाठी ती जो संदेश पाठवते, तो म्हणजे टीएसएच.

इथंच अनेकांचा गोंधळ होतो. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला दिसला की थायरॉईड ‘वाढला’ असं वाटतं. बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो. ग्रंथी कमी काम करतेय म्हणून पिट्युटरी जास्त जोरानं हाका मारतेय. याला हायपोथायरॉईडिझम म्हणतात. थकवा, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, थंडी सहन न होणं, पाळीत जास्त रक्तस्राव, विसरभोळेपणा आणि उदास वाटणं ही त्याची नेहमीची लक्षणं.

ग्रंथी जास्त काम करू लागली तर तो हायपरथायरॉईडिझम. यात टीएसएच सहसा खाली जातो. वजन उतरतं, छातीत धडधड होते, हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यामुळे ‘मलाही थायरॉईड, तुलाही थायरॉईड, मग माझीच गोळी घे’ हा हिशोब धोक्याचा आहे.

हायपोथायरॉईडिझमचं एक प्रमुख कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच या ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतो आजार म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो खूप जास्त आढळतो आणि बऱ्याचदा एकाच घरात आई, मावशी, मुलगी अशा साखळीनं दिसतो.

हा आजार किती जणांना आहे? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात भारतातल्या आठ शहरांमधल्या ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. त्यात मुंबई आणि गोव्याचाही समावेश होता. १०.९५ टक्के लोकांना हायपोथायरॉईडिझम असल्याचं आढळलं, म्हणजे साधारण दर नऊ जणांमागे एकाला. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तपासणी होईपर्यंत याचा पत्ताही नव्हता.

गलगंडापासून गोळीपर्यंत

आजी-आजोबांच्या पिढीला हा आजार ‘गलगंड’ या नावानं माहीत होता. आयोडीन कमी पडलं की हार्मोन बनवण्यासाठी ग्रंथी धडपडते, मोठी होते आणि गळ्यावर गाठ दिसू लागते. हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा यासाठी ओळखला जायचा. पण त्याच्या बाहेरही असे भाग सापडले. गुजरातमधला भरूच आणि महाराष्ट्रातला तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा ही त्यातली दोन नावं. नकाशात पाहिलं तर एक खान्देशच्या पश्चिमेला आहे आणि दुसरा अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, जळगावच्या दक्षिणेला.

यावरचा उपाय शोधण्यात भारताचा मोठा वाटा आहे. १९५६ साली हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ द्यायला सुरुवात केली. काही वर्षांतच तिथला गलगंड लक्षणीय कमी झाला. १९६२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि १९९२ मध्ये त्याचं नाव आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम झालं. खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकण्यावर १९९८ साली देशभर बंदी आली. २००० मध्ये ती उठवली गेली आणि २००६ च्या मे महिन्यापासून पुन्हा लागू झाली.

आजही मिठाचा मुद्दा संपलेला नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणात २५०. उपासाच्या सैंधवात आयोडीन फारच कमी असतं. त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात फक्त सैंधव वापरणं महागात पडू शकतं. मीठ झाकणाच्या डब्यात, चुलीच्या वाफेपासून लांब ठेवलं तर आयोडीन टिकतं.

पण हाशिमोतो आजार आयोडीनच्या कमतरतेमुळे होत नाही. त्यामुळे हा आजार झाल्यावर जास्त मीठ खाऊन किंवा आयोडीनचे थेंब घेऊन तो बरा होत नाही. उलट जादा आयोडीननं ग्रंथी आणखी बिघडू शकते.

लक्षात यायला उशीर का होतो?

खान्देशातल्या हवामानात ही लक्षणं लपायला भरपूर जागा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना घाम येणं, धडधडणं, गळून जाणं याला सगळे ‘ऊन लागलं’ म्हणतात. हायपरथायरॉईडिझम असला तरी संशय येत नाही. दुसरीकडे थंडी सहन न होणं हे हायपोथायरॉईडिझमचं लक्षण आठ महिने जाणवतच नाही. धुळ्याचा पारा हिवाळ्यात एक आकडी झाला की मग सगळेच कुडकुडतात, त्यात एकीचं वेगळं कुडकुडणं कोण मोजणार?

दुसरं कारण घरातलं आहे. सकाळी स्वयंपाक, मग कापूस वेचणी किंवा नोकरी, संध्याकाळी पुन्हा चूल. एवढं काम करणारी बाई ‘थकले’ म्हणाली तर त्यात आजार शोधला जात नाही. समजा, एखाद्या घरातली सून पूर्वी पहाटे पाचला उठायची आणि आता सातलाही उठवत नाही. वजन वाढलंय, बोलणं मंद झालंय. घरात पहिला शब्द येतो ‘आळशी’. मग ‘लक्ष नसतं हिचं’. तपासणीचा विचार बऱ्याच महिन्यांनी येतो आणि तोवर तिनं स्वतःही मान्य केलेलं असतं की दोष आपल्या स्वभावातच आहे.

अशक्तपणाचं म्हणजे रक्त कमी असण्याचं प्रमाणही बायकांमध्ये मोठं असल्यानं थकव्याचं खापर आधी त्यावर फुटतं. ते खरंही असू शकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. म्हणून थकवा आठवड्यांमागून आठवडे टिकला तर हिमोग्लोबिनबरोबर टीएसएचबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

रोजची गोळी: छोट्या गोष्टी, मोठा फरक

हायपोथायरॉईडिझममध्ये दिलं जाणारं औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. शरीरात जे टी-४ कमी पडतं, तेच गोळीतून भरून काढलं जातं. ती ताकदीची गोळी नाही आणि सवय लावणारं औषधही नाही. ज्यांची ग्रंथी कायमची थकलीय, त्यांना ती सहसा आयुष्यभर लागते. हे ऐकून घाबरणाऱ्यांसाठी चष्म्याचं उदाहरण चांगलं आहे. चष्मा लावला की दिसतं, काढला की पुन्हा धूसर.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. खान्देशात खरी अडचण इथंच येते, कारण दिवसाची सुरुवातच चहानं होते. शेतावर लवकर निघणाऱ्या बाईला उठल्यावर तासभर थांबणं परवडत नाही. अशा वेळी एक पर्याय आहे. रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते, असं अभ्यासांत दिसलंय. डॉक्टरांशी बोलून तो निवडता येतो. रमजानचे रोजे किंवा नवरात्रातले कडक उपास असतील तेव्हाही वेळ आधीच ठरवून घ्यावी.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीसोबत घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही. मध्ये साधारण चार तासांचं अंतर हवं. गरोदर बायकांना सरकारी आरोग्य केंद्रातून या दोन्ही गोळ्या मिळतात आणि लक्षात राहावं म्हणून अनेक जणी सगळ्या गोळ्या सकाळी एकदमच घेतात. मग गोळी चालू असूनही टीएसएच खाली येत नाही.

उन्हाळ्यात गोळ्या कुठं ठेवता हेही महत्त्वाचं आहे. लेव्होथायरॉक्सिन उष्णता, ओलावा आणि उजेडानं खराब होतं. पत्र्याच्या घरात, खिडकीत, गॅसजवळच्या फळीवर किंवा दुचाकीच्या डिक्कीत बाटली ठेवू नये. घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा निवडावी आणि बाटलीवर लिहिलेलं तापमान पाहावं. गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्याव्यात.

डोस बदलल्यावर परिणाम कळायला वेळ लागतो, म्हणून पुढची तपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात. दहा दिवसांत वजन उतरलं नाही म्हणून गोळी दुप्पट करणं चूक आहे. जादा डोसनं धडधड वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. केस आणि त्वचा सुधारायला तर काही महिने जातात. कंपनी बदलली असेल, जनऔषधी केंद्रातून घ्यायला सुरुवात केली असेल, तर हरकत नाही, फक्त डॉक्टरांना सांगून ठेवावं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगावं, कारण त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

प्रत्येक वाढलेल्या टीएसएचला लगेच गोळी लागतेच असंही नाही. टी-४ ठीक असेल आणि टीएसएच थोडाच वर असेल तर काही वेळा डॉक्टर फक्त लक्ष ठेवायला सांगतात.

हायपरथायरॉईडिझमसाठी कार्बिमाझोलसारखं औषध घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ताप आला आणि घसा खूप दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. क्वचित प्रसंगी या औषधानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात.

आणि खाण्याचं काय? कोबी, फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला अडचण नाही. बाजरीबद्दल इंटरनेटवर बरीच भीती आहे. बाजरीत थायरॉईडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात हे सुदानमधल्या अभ्यासातून पुढे आलं, पण तिथं बाजरी हेच मुख्य अन्न होतं आणि आयोडीनचीही कमतरता होती. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरानं ज्वारी-बाजरी आलटून पालटून खावी. भरीत-भाकरी सोडायची गरज नाही.

लग्न, माहेर आणि बाळंतपण

सगळ्यात जास्त लपवाछपवी लग्न ठरवताना होते. ‘पोरीला थायरॉईड आहे’ हे कळलं तर स्थळ हातचं जाईल, या भीतीनं गोळी बंद केली जाते किंवा दुसऱ्याच बाटलीत भरून पाठवली जाते. सासरी लपून रोज रिकाम्या पोटी गोळी घेणं अवघड असतं. मग खाडे होतात.

याची खरी किंमत गरोदरपणात कळते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड हार्मोनवर अवलंबून असते. उपचार न केलेल्या हायपोथायरॉईडिझममुळे गर्भपात, रक्तदाब, वेळेआधी प्रसूती यांचा धोका वाढतो. दिवस गेल्यावर अनेकींचा डोस पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो. म्हणून पाळी चुकल्याचं लक्षात येताच टीएसएच तपासायला हवा. ‘गरोदरपणात गोळ्या नकोत’ हा सल्ला थायरॉईडच्या गोळीला लागू होत नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. शिरपूरला तपासणी सुरू असलेली मुलगी सातव्या महिन्यात चोपड्याला येते. डॉक्टर बदलतात आणि फाईल सासरीच राहते. नव्या डॉक्टरांना आधीचा डोस कळत नाही. मोबाईलमध्ये सगळ्या रिपोर्टचे आणि बाटलीच्या लेबलचे फोटो ठेवले तरी हा घोळ टळतो. बाळंतपणानंतर डोस पुन्हा कमी करायचा असतो, तेही विचारून घ्यावं. बाळाची टीएसएच तपासणी जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत होतेय का, हेही दवाखान्यात विचारावं. साधारण हजार बाळांमागे एकाला जन्मतःच हा त्रास असतो. लवकर गोळी सुरू झाली तर मतिमंदत्व टाळता येतं.

थायरॉईड नियंत्रणात असेल तर लग्न, मूल, नोकरी, शेती, काहीच अडत नाही. हे वाक्य डॉक्टरांनी सांगण्यात आणि दोन मुलांच्या आईनं, गोळीची बाटली हातात धरून सांगण्यात फरक पडतो.

सोबतीचा गट म्हणजे नेमकं काय?

एकाच आजाराची माणसं ठरावीक वेळी भेटतात, अनुभव सांगतात, एकमेकांना सांभाळतात, याला मराठीत ‘स्वमदत गट’ म्हणतात. थायरॉईडच्या रुग्णांनी एकत्र येण्याचं एक जुनं उदाहरण कॅनडातलं आहे. स्वतः थायरॉईडच्या रुग्ण असलेल्या डायना मेल्ट्झर अब्राम्स्की यांनी १९८० साली किंग्स्टन शहरात थायरॉईड फाउंडेशन ऑफ कॅनडा सुरू केलं. पुढे १९९५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा रुग्ण संघटनांची थायरॉईड फेडरेशन इंटरनॅशनल उभी राहिली. २५ मे हा जागतिक थायरॉईड दिन पाळला जातो.

महाराष्ट्रातही स्वमदत गटांची चांगली परंपरा आहे आणि तिचा एक धागा थेट धुळ्याला येतो. मूळचे धुळे जिल्ह्यातले डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. ज्या आजाराचं नाव घरात उच्चारायलाही लोक कचरत, त्याबद्दल ते उघड बोलले आणि १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथं रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे नातेवाईक एकत्र बसून बोलतात. ‘देवराई’ हा २००४ सालचा मराठी सिनेमा उभा राहण्यातही वाणींचा वाटा होता.

दुसरं उदाहरण पुण्यातल्याच श्वेता असोसिएशनचं. डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्या लोकांसाठी ही संस्था उभी केली. तिनं स्वमदत गटासोबत वधू-वर मेळावेही घेतले, कारण या लोकांची मोठी अडचण लग्नाची होती.

हे दोन्ही आजार थायरॉईडपेक्षा खूप वेगळे आहेत. पण उपचार सुरू झाल्यावरही जो एकटेपणा आणि जी लाज उरते, तिच्यावर माणसांनी एकत्र बसून काय करता येतं, ते या कामातून दिसतं.

मग खान्देशात सोबत कुठं मिळेल?

सुरुवात दवाखान्यातून करता येते. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद असतं. रुग्णांच्या घरगुती आणि आर्थिक अडचणींत मदत करणं हे त्यांचं काम. ‘थायरॉईडच्या रुग्णांना एकमेकांशी बोलता येईल अशी बैठक घेता येईल का?’ हा प्रश्न त्यांना विचारता येतो. तपासणीच्या दिवशी बाकावर शेजारी बसलेली बाईही बहुतेक त्याच आजाराची असते, हे विसरू नका.

गावात असाल तर बचत गट हा तयार आधार आहे. बैठक दर महिन्याला होतेच. हप्ते झाले की शेवटची १५ मिनिटं आरोग्यावर बोलायचं ठरवलं, तर दहा-बारा जणींत थायरॉईडच्या एक-दोघी निघण्याची शक्यता बरीच आहे. आशाताईंना बोलावलं तर माहिती तपासूनही घेता येते.

आणखी एक जागा खान्देशला नवी नाही. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि सासरी जे बोलता येत नाही ते मैत्रिणींशी बोलतात. अहिराणीत, मोकळेपणानं. बायकांनी एकमेकींचं दुःख ऐकून घेण्याची ही रीत जुनी आहे. त्या गप्पांत ‘तुझा टीएसएच किती?’ एवढा एक प्रश्न वाढला तरी पुष्कळ झालं.

पुरुषांचं काय? त्यांच्यात प्रमाण कमी आहे, पण ‘हा बायकांचा आजार’ या समजामुळे ते तपासणीच टाळतात. थकवा, वजन, कोलेस्टेरॉल, उदासी यांचं कारण थायरॉईड असू शकतं. नवऱ्यांना बैठकीला बोलावण्याचा दुसरा फायदा म्हणजे बायको ‘नाटक करत नाही’ हे त्यांना चार घरांच्या अनुभवातून कळतं.

छोटा गट सुरू करायचा असेल तर पाच-सहा जणी पुरे. महिन्यातून एक ठरलेली वेळ, प्रत्येकीला बोलायची संधी, मध्ये कुणी टोकायचं नाही आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे नियम पहिल्याच दिवशी ठरवावेत. गाव छोटं असतं, एकीची गोष्ट दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोहोचली की गट तिथंच संपतो. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट टाकताना नाव आणि फोन नंबर झाकावा. वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरांना बोलावून महिनाभर साठलेले नव्हे, वर्षभर साठलेले प्रश्न विचारावेत.

गटात काय बोलावं, काय टाळावं?

वेळ कशी पाळली, घरी कसं समजावलं, कुठली लॅब रिपोर्ट वेळेवर देते, केस गळताना मन कसं सांभाळलं, तपासणीला कोण कुणासोबत जाईल, हे सगळं गटाचं काम आहे. डोस किती, गोळी बंद करायची का, गाठ साधी आहे की नाही, हे डॉक्टरांचं काम. एकीला २५ मायक्रोग्रॅम पुरतात तर दुसरीला १०० लागतात. वजन, वय, गरोदरपण, हृदयाची तब्येत यावर ते ठरतं.

‘थायरॉईड मुळापासून बरा’, ‘२१ दिवसांत गोळी बंद’ असं म्हणत कुणी चूर्ण, काढा किंवा पावडर विकू लागलं तर तो गट सोडलेला बरा. योगासनं, चालणं, नीट झोप यांनी बरं वाटतं, ते जरूर करावं, पण गोळी चालू ठेवून. गळ्यावरची गाठ झपाट्यानं वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. उदासी इतकी वाढली की जगणं नकोसं वाटतंय, असं कुणी बोलली तर ते थकव्याचं बोलणं समजून सोडून देऊ नये. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या नंबरवर चोवीस तास सुरू असते. फोन लावताना तिच्या शेजारी बसावं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडेही सोबत जावं.

घरात कुणाला नुकतीच ही गोळी सुरू झाली असेल तर उद्या सकाळी एक सोपी गोष्ट करता येईल. तिनं गोळी घेतली की घरातल्या कुणीतरी दुसऱ्यानं चहा ठेवायचा, तासाभरानं. तोवर तिला कुणी ‘अजून चहा नाही झाला?’ असं विचारायचं नाही.